लंबूचे शेवटचे दोन भाग

सुबोध मेस्त्रीने उभ्या आयुष्यात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. शाळेत गाइडवर निभावलं, आयटीआयमध्ये आकृत्यांवर. मग लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. आता विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. कुठली लिफ्ट कुरकुरते, कुठली तिसऱ्या मजल्यावर रुसते, हे त्याला तोंडपाठ होतं. पण पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या पानावर मान कलायची. त्याची बायको श्वेता म्हणायची, "ह्याला झोपेची गोळी नको, कादंबरी द्या."

श्वेता मुलुंडला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दिवाळीला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक तळहाताएवढा स्पीकर भेट दिला. दोन महिने तो टीव्हीच्या बाजूला धूळ खात पडला. जानेवारीत तिने फोनवर ऐकायच्या पुस्तकांचं एक ॲप घेतलं आणि एका रविवारी तो स्पीकर पुसून हॉलच्या मधोमध ठेवला.

भांडुपच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रविवार म्हणजे कोलंबी. सुबोध सकाळी बाजारातून घेऊन यायचा आणि मग सगळं घर जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून सोलायला बसायचं. सुबोध, श्वेता, बारा वर्षांची रुचिरा, सात वर्षांची जानकी आणि सुबोधचे वडील अण्णा. अण्णांनी आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकीत हयात घालवली, पण भाषा मालवणचीच राखली. सोलणं अर्धा तास चालायचं आणि त्या अर्ध्या तासात भांडणं ठरलेली. जानकी कोलंबीला मिशा लावून खेळायची, रुचिरा एका हाताने सोलायची नि दुसऱ्या हाताने मोबाइल बघायची, आणि अण्णा दोघींवर वैतागायचे.

"आज गोष्ट," श्वेता म्हणाली. "हात कामाला, कान गोष्टीला."

गोष्ट होती एका उंटाची. चिपळूणजवळ एक सर्कस कायमची बंद पडते. हत्ती, घोडे कोण कोण घेऊन जातं, पण म्हातारा उंट कुणालाच नको असतो. त्याचं नाव लंबू. त्याला सांभाळणारे मास्तर आणि सर्कशीतल्या स्वयंपाकिणीची दोन मुलं ठरवतात, की ह्याला चालत त्याच्या गावी, कच्छला, पोचवायचं. एकूण वीस भाग. वाचणारी बाई अशी वाचायची, की उंट ओठ हलवून चघळतोय हे तिच्या आवाजातच दिसावं.

पहिला भाग संपला तेव्हा कोलंबी कधीच सोलून झाली होती आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. अण्णा म्हणाले, "बाई बरा वाचता. पण 'माका' म्हणताना जीभ अडकता तिची. कोकणातली नाय ती."

"शेवट काय आहे ते बघू?" रुचिराने फोन ओढला. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तिला जुनी खोड.

"अजिबात नाही," सुबोध म्हणाला. तो स्वतःच्याच आवाजाने दचकला. "पुढचं कुणीच एकट्याने ऐकायचं नाही. सगळ्यांनी मिळून ऐकायचं. शप्पथ घ्या."

पाच जणांनी कोलंबीच्या वासाच्या हातांनी स्पीकरवर हात ठेवला आणि शपथ घेतली. नियम झाला.

मग रविवारी एक आणि बुधवारी संध्याकाळी भाजी निवडताना एक, असे भाग सुरू झाले. जानकी शाळेच्या रिक्षात इतरांना लंबूची बातमी द्यायची. रुचिराला मोबाइलची आठवण राहायची नाही. आणि सुबोधला, ज्याला गोष्टींचं काही पडलं नव्हतं, सोमवारी सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर वाटायचं, लंबू आता वसईची खाडी कशी ओलांडणार?

मार्चमध्ये एका गुरुवारी तो मुलुंडला एका टॉवरच्या गच्चीवर बसला होता. मशीन रूममधला एक पार्ट यायचा होता आणि तो आणणारा माणूस ठाण्यात अडकला होता. डबा खाऊन झाला होता. श्वेताच्याच खात्याचं ॲप त्याच्याही फोनमध्ये होतं. घरी तेव्हा तेरावा भाग झाला होता.

फक्त पाच मिनिटं, असं म्हणत त्याने कानात इअरफोन घातले.

पार्ट घेऊन माणूस आला तेव्हा चार वाजले होते आणि सुबोध पाण्याच्या टाकीला टेकून रुमालाने डोळे पुसत होता. वीसच्या वीस भाग संपले होते. कच्छच्या रणाचं पांढरं मीठ दिसू लागतं, लंबू मान उंच करून वारा हुंगतो, गुडघे मोडून खाली बसतो आणि मग उठतच नाही.

"क्या हुआ भाई, करंट लगा क्या?" त्या माणसाने घाबरून विचारलं.

"नहीं नहीं. धूल गया आँख में."

त्याने फोनवर सगळं मागे नेऊन चौदाव्या भागाच्या सुरुवातीला आणून ठेवलं. कुणाला कळणार होतं?

पण रविवारी चौदाव्या भागातच पंचाईत झाली. गुजरातेतल्या एका गावात लग्नाची वरात चाललेली असते आणि लंबू नवरदेवाच्या गळ्यातला हार शांतपणे खाऊन टाकतो. श्वेता हसली, रुचिरा हसून मागे कलंडली, अण्णांना हसताना ठसका लागला. आणि सुबोधला एकदम दिसलं, की हा उंट आता फार दिवसांचा नाही, आणि बिचारा किती आवडीने खातोय. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"बाबा, तू रडतोयस?" जानकीने विचारलं.

"कांद्याने."

"कांदा कुठाय?"

कांदा कुठेच नव्हता. रुचिराने बापाकडे जे पाहिलं ते पोलीस बघतात तसं.

त्यानंतर तो फार जपून राहिला. हसण्याच्या जागी जरा जास्तच मोठ्याने हसायचा. एकदा जानकीने झोपायच्या आधी विचारलं, "बाबा, लंबूला काही होणार नाही ना?" तो म्हणाला, "मला काय माहीत?" आणि कूस बदलली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आपल्या पोरीशी तर नव्हतीच.

अठरावा भाग फार वाईट ठिकाणी संपला. खाडीवर एक जुना लाकडी पूल, त्याच्या दोन फळ्यांमध्ये लंबूचा मागचा पाय अडकलेला, भरती चढत आलेली, आणि मास्तर गावात मदत मागायला पळालेले. तिथे बाईंचा आवाज थांबला.

बुधवारी भेंड्या निवडायला घेऊन सगळे बसले. श्वेताने फोन उघडला आणि तिचा चेहरा पडला. पुस्तकाच्या जागी करड्या रंगाची चौकट होती आणि खाली लिहिलेलं, 'हे पुस्तक सध्या उपलब्ध नाही.'

"म्हणजे?" रुचिरा म्हणाली.

"काढून टाकलंय वाटतं."

"असं कसं काढतील? उंट पुलावर अडकलाय!"

श्वेताने ॲपवाल्यांना मेल लिहिला. उत्तर आलं, की हक्कांबद्दल काही बोलणी चालू आहेत, पुस्तक कदाचित परत येईल, कधी ते सांगता येत नाही. रुचिराने छापील पुस्तक शोधलं. ते नव्हतंच. गोष्ट फक्त ऐकण्यासाठी लिहिलेली होती.

रुचिरा दोन दिवस चिडचिड करून गप्प झाली. जानकीचं तसं नव्हतं. तिच्यासाठी लंबू खरोखर त्या पुलावर उभा होता. सकाळी दूध पिताना ती म्हणायची, "त्याला आत्ता पाणी कोण देत असेल?" दुपारी आजोबांना विचारायची, "भरती किती वेळ असते?" अण्णांनी तिला समजावण्यासाठी शेवट तयार केला. "अगो, पाय सुटलो, उंट घराक पोचलो. झाला."

"असं नसतं आजोबा," जानकी म्हणाली. "ही गोष्ट नाही. ही बातमी आहे."

रविवारी तिने कोलंबीला हात लावला नाही. जेवलीही नीट नाही. सोमवारी शाळेतून बाईंचा फोन आला, की मुलगी वर्गात फार शांत बसते आहे, घरी सगळं ठीक ना?

मंगळवारी संध्याकाळी श्वेता कुकर लावत होती, रुचिरा अभ्यासाला बसली होती, जानकी खिडकीपाशी. सुबोध कामावरून येऊन चहा पीत होता. त्याने अर्धा कप खाली ठेवला आणि उभा राहिला.

"मला पुढचं माहीत आहे."

कुणाला काही कळलं नाही.

"उंटाचं. मला शेवटपर्यंत माहीत आहे. मी ऐकलंय." त्याचे कान लाल झाले होते. "मार्चमध्ये. मुलुंडला. पार्ट यायचा होता."

"आई शप्पथ!" रुचिरा उठून उभी राहिली. "मला वाटलंच होतं! त्या वरातीच्या दिवशीच! नियम कुणी केला होता? कुणी केला होता नियम, बाबा?"

"मीच."

"घोर कलियुग," अण्णा म्हणाले, पण ते पुढे सरकून बसले होते. "आता उभो काय ऱ्हवलंस? सांग."

"मी? मला नाही सांगता येत."

"शपथ मोडलीस ना? मग सांगायचं," रुचिरा म्हणाली. "हीच शिक्षा."

जानकी खिडकीतून उठली आणि येऊन त्याच्या समोर मांडी घालून बसली. आता सुटका नव्हती.

सुबोधने घसा खाकरला. "तर, पुलावर पाय अडकला होता. मास्तर माणसं घेऊन आले. पाय काढला. उंट पुढे गेला."

जानकी बघतच राहिली. "बाबा, तू लिफ्टची कंप्लेंट लिहितोयस का?"

श्वेताने स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावला. सुबोध घामाघूम झाला. तेव्हा अण्णा म्हणाले, "थांब. आधी सांग, वारो खंयसून येय होतो?"

"वारा? समुद्राकडून असेल."

"मग गार असतलो. उंटाक थंडी वाजता?"

सुबोधने डोळे मिटले. आणि त्याला तो पूल दिसला. "वाजत होती," तो म्हणाला. "म्हातारा होता ना. मागचे पाय थरथरत होते. पाणी फळ्यांच्या खाली चार बोटांवर आलं होतं. छोटी मुलगी त्याच्या मानेला धरून उभी होती, आणि त्याला सर्कशीतलं बँडचं गाणं म्हणून दाखवत होती, म्हणजे तो घाबरू नये. आणि मास्तर आले. बरोबर सात माणसं. आता एवढा उंट उचलायचा कसा? पाचशे किलोचं वजन. हाताने उचलायला गेलं तर पाय मोडेल. मग त्यांनी दोन मोठे बांबू उभे केले, वर कप्पी बांधली…"

"पुस्तकात कप्पी होती?" रुचिराने विचारलं.

"असेल. असायलाच हवी. नाहीतर उचलणार कशाने?" सुबोध आता उठून उभा राहिला होता. त्याने दोरी पोटाखालून कशी घ्यायची, सगळं वजन एका बाजूला येऊ नये म्हणून दुसऱ्या टोकाला रेतीच्या गोणी कशा बांधायच्या, हे हातांनी दाखवलं.

"उंट म्हणजे लिफ्ट नाय," अण्णा पुटपुटले.

"अण्णा, वजन ते वजन!"

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कुणी मोजलं नाही. लंबूचा पाय सुटला. लंबूने सुटल्या सुटल्या मास्तरांची टोपी खाल्ली, हे पुस्तकात होतं की नाही ते सुबोधला आठवत नव्हतं, पण जानकी इतकी हसली की ते राहू दिलं. मग गावं लागली, बाभळी लागल्या, एका मेंढपाळाने त्यांना ताक दिलं. त्याला स्वतःचंच नवल वाटत होतं. शब्द आपोआप येत होते, आणि चार माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

आणि मग पांढरं मीठ आलं.

"लंबूने मान उंच केली," तो हळू आवाजात म्हणाला. "वारा हुंगला. त्याला कळलं, आलो. मग त्याने पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि तो खाली बसला."

जानकीने त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती. "मग?"

सुबोध थांबला. सहा दिवसांनी आज पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता.

"मग," तो म्हणाला, "मग उठला. आणि चालायला लागला. लांबून बाकीचे उंट ओरडले, त्यांच्यात गेला."

"येस्स!" जानकीने टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी तिने दोन वाट्या आमटी-भात खाल्ला.

जेवणानंतर रुचिरा गॅलरीत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, तो उठला नव्हता ना?"

"कशावरून?"

"तू अडकलास ना तिथे."

सुबोधने मान हलवली. "नव्हता उठला." मग म्हणाला, "जानूला सांगू नको."

"नाही सांगणार. पण कप्पी मस्त होती."

तिथेच हे संपलं असतं. पण मेच्या पहिल्या रविवारी श्वेताचा फोन वाजला आणि स्क्रीनवर ओळ आली, की तुम्ही ऐकत असलेलं पुस्तक पुन्हा उपलब्ध आहे. जानकीने ते मोठ्याने वाचलं आणि घरभर उड्या मारल्या. तिला कप्पी ऐकायची होती. बाई टोपी कशी वाचतात ते ऐकायचं होतं.

सुबोध श्वेताला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजला, "वाट लागली. मी शेवट बदलला होता. उंट मरतो श्वेता. ऐकवायचं नाही तिला."

श्वेता गॅस बारीक करत म्हणाली, "आज नाही ऐकवलं तर उद्या स्वतः ऐकेल. फोन वापरता येतो तिला. त्यापेक्षा तूच सांग."

तो हॉलमध्ये गेला. वर्तमानपत्रं पसरलेली होती, कोलंबीचं पातेलं मध्ये होतं. तो जानकीसमोर उकिडवा बसला.

"जानू, मी तुला शेवट खोटा सांगितला."

तिने हातातली कोलंबी खाली ठेवली. "म्हणजे लंबू मेला?"

सात वर्षांची पोर, पण तिला लगेच कळलं. "हो," तो म्हणाला.

"पुलावर?"

"नाही. घरी पोचल्यावर. पांढरं मीठ बघितल्यावर."

"दुखलं त्याला?"

"नाही गं. दमला होता. झोपला."

जानकीचा खालचा ओठ थरथरत होता, पण ती रडली नाही. "मग मला खरं ऐकायचंय," ती म्हणाली. "तुझं पण मला आवडलं. पण माझा उंट मेला तर मला कळायला नको?"

सुबोधने स्वतः स्पीकर लावला.

दोन्ही भाग सलग ऐकले. पुलावर कप्पी नव्हतीच. गावकऱ्यांनी फळ्याच कुऱ्हाडीने तोडल्या. "हे काय सेफ नाही," सुबोध म्हणाला आणि सगळ्यांनी त्याला "शू" केलं. शेवटी मीठ आलं, वारा आला, लंबू खाली बसला. बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. जानकी बापाच्या कुशीत शिरून मोठ्याने रडली. रुचिरा तोंड फिरवून रडली. अण्णांनी खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "बरा झाला, गावाक जाऊन मेलो." सुबोध तर दुसऱ्यांदा ऐकत असूनही पहिल्यापेक्षा जास्त रडला.

सगळ्यांनी नाकं पुसली तेव्हा रुचिराच्या लक्षात आलं. "आई, तू नाही रडलीस?"

श्वेता कोलंबीतला काळा दोरा काढण्यात गढली होती. "रडले की."

"कधी? डोळे कोरडे आहेत तुझे."

श्वेताने सुरी खाली ठेवली. "फेब्रुवारीत," ती म्हणाली.

चौघांच्याही माना तिच्याकडे वळल्या.

"एक दिवस दवाखान्यात पेशंटच नव्हते," ती घाईघाईने सांगू लागली. "दुसरा भाग झाला होता आपला. म्हटलं, थोडंसं ऐकावं. मग दोन दिवसांत सगळंच झालं."

"दुसऱ्या भागानंतर!" सुबोध ओरडला. "मी निदान तेराव्यापर्यंत थांबलो!"

"मग पुस्तक गेलं तेव्हा का नाही बोललीस?" रुचिराने कमरेवर हात ठेवले.

"बोलणार होते गं. त्या मंगळवारी कुकर उतरवला की सांगायचं, असं ठरवलंच होतं. तेवढ्यात हा चहा टाकून उभा राहिला." तिने सुबोधकडे पाहिलं. "चौदा वर्षं झाली लग्नाला. ह्याला एका दमात एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, आपण गप्प बसावं."

"म्हणजे मी 'उठला' म्हटलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार?" श्वेता हसली. "मलाही वाटत होतं, की त्याने उठावं."

अण्णांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. "म्हणजे घरात सगळेच चोर. फक्त आम्ही तिघा सज्जन. आता सुंगटां सोलतास की उपाशी ऱ्हवाचा?"

जानकीने डोळे पुसले, एक कोलंबी उचलली आणि बापाच्या हातात दिली. "बाबा, टोपी खातो ते परत सांग ना," ती म्हणाली. "बाईंना ते माहीतच नव्हतं."